उष्टी नळी

दिंद्रुडच्या उत्तरेश्वररावांना गावजेवणात वाढायला बोलावतात ते उगाच नाही. वरणाचा थेंब बुंदीला लागू न देता ते अख्खी पंगत वाढून काढतात. एकदा एका जावयाच्या पानात दुसऱ्याची वाटी गेली, तर त्यांनी पंगत उठवून पुन्हा बसवली. जावयाची काहीच हरकत नव्हती. तो तोवर हात धुऊन पान खात होता.

त्यांची लेक मंजुषा नेमबाजीत टू-टू रायफल, म्हणजे बारीक गोळीची पॉइंट टू-टू, चालवते. आज तिनं वडिलांना मदतीला आणलं होतं, कारण तिच्या माहितीत एवढा काटेकोर माणूस दुसरा नव्हता.

रेंज म्हणजे सुंदररावांच्या रानातली जुनी दगडखाण. सुंदरराव नेमबाजी क्लबचे अध्यक्ष. अध्यक्षपद आधी घ्यायचं आणि संस्था कशाची ते नंतर विचारायचं, ही त्यांची पद्धत.

टू-टू रायफलीचं एक असतं. गोळ्या सगळ्या एकाच मापाच्या, पण कंपनी बदलली की नेम बदलतो. कुठल्या नळीला कुठली गोळी मानवेल, हे मारून बघितल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. मागच्या साली हाताला येईल ती गोळी वापरून मंजुषाची राज्य स्पर्धेची अंतिम फेरी एका गुणानं हुकली. यंदा क्लब तिच्या रायफलीला हंगामभर पुरेल अशी एकाच जातीची गोळी मागवणार होता, आणि ती कुठली ते सुंदरराव आज दुपारी दुकानदाराला फोनवर कळवणार होते. निवड चुकली तर वर्षभर तीच चूक झाडत बसायचं.

टेबलावर तीन कंपन्यांच्या गोळ्यांच्या तीन डब्या होत्या. लाल, पिवळी आणि परदेशातून आलेली चंदेरी.

"हात वर करून ठरवू," सुंदरराव म्हणाले. "चंदेरी बिनविरोध."

"काका, मत रायफलीचं हाय," मंजुषा म्हणाली.

"तिला कुठं हात हायेत?"

मंजुषानं वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवली आणि प्रत्येक डबीतल्या पाच-पाच गोळ्या पन्नास मीटरवरच्या कागदावर झाडल्या. दुर्बिणीतून बघितलं तर पिवळीची भोकं भावकीसारखी. सगळी एकाच कागदावर, पण एकमेकींशी बोलणं नाही. लालचंही तेच. चंदेरीनं तर शेजारचा कागदही सोडला नव्हता.

"तिन्ही नापास?" सुंदररावांनी विचारलं. "मग फेरनिवडणूक."

मंजुषाला ते पटेना. एखादी गोळी वाईट निघेल, दोन निघतील, पण तिन्ही कशा? तिनं पुन्हा पिवळी घेतली. या वेळी एक गोळी झाडायची, दुर्बिणीतून बघायची, मग दुसरी. पहिली गेली वर डावीकडं. दुसरी थोडी खाली. चौथी आणि पाचवी मात्र मधल्या काळ्या गोलाकडं सरकत, एकमेकींच्या जवळ आल्या. लालचंही तसंच. आधी रुसवा, मग समजूत. आणि समजूत पटते ना पटते तोवर पाच गोळ्या संपत.

"ह्या सुरवातीलाच कावून बिघडत्यात?" ती स्वतःशीच म्हणाली आणि वळली.

उत्तरेश्वरराव नळीतून दोरी ओढत होते. दोरीच्या टोकाला पांढरीशुभ्र चिंधी होती.

"आण्णा, काय करताव?"

"पुसतोय. डबी बदलली की दर वेळी पुसतोय. तुझं ध्यान न्हवतं."

"पण कावून?"

"कावून म्हंजे? लालच्या उष्ट्यात चंदेरीला वाढू व्हय? परदेशी पाव्हनी हाय ती!"

मंजुषानं टेबलावरची एक डबी उघडली. तिनं एक गोळी बोटात फिरवली. बोटाला मेणासारखं वंगण लागलं. मग दुसऱ्या डबीतली घेतली. हिचं वंगण जरा चिकट. म्हणजे प्रत्येक गोळी नळीत आपापलं मेण माखत पुढं जात होती. नळीला सगळीकडं आतून ते लागलं, की मगच नेम बसायचा. आणि तो बसायच्या बेताला आला, की आण्णा पान उचलून फरशी पुसत होते.

"आण्णा, आता पुसायचं न्हाई. उष्टीच ऱ्हाऊ द्या."

उत्तरेश्वररावांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू तिनं कुठल्या पाव्हण्याला चपलेत जेवायला वाढलं होतं.

"एकाचं उष्टं दुसऱ्याला?"

"न्हाई. आधीचं उष्टं नव्या डबीच्याच गोळ्यांनी खरवडून काढायचं. त्या मोजायच्या न्हाईत. नंतरच्या पाच मोजायच्या."

"म्हंजे प्रचार येगळा आन मतदान येगळं," सुंदरराव म्हणाले. त्यांना सगळ्यात आधी कळलं.

पिवळीनं वाया जायच्या त्या वाया घालवल्या आणि बोराएवढ्या जागेत पाच बसवल्या. चंदेरीनं जरा मोठी जागा घेतली. लालचा कागद बघताना मंजुषानं दुर्बीण दोनदा पुसली. पाच गोळ्यांचं मिळून एकच भोक होतं, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडं मोठं. योगायोग नको म्हणून तिनं आणखी पाच झाडल्या. तसंच भोक.

"लाल," ती म्हणाली.

"आगं, चंदेरी इलायतेची हाय!"

"नळीला पासपोर्ट दिसत न्हाई, काका."

सुंदररावांनी उसासा टाकून फोन लावला. "हां, लाल. पुऱ्या हंगामाची. हो, मीच निवडली."

मंजुषा रायफल पेटीत ठेवायला लागली. उत्तरेश्वरराव चिंधी हातात घेऊन तिथंच घुटमळत उभे.

"मग आता तरी पुसू का?"

"स्पर्धा झाल्यावर."

"तवर ही अशीच खरकटी?"

"अशीच."

त्यांनी पेटीचं झाकण स्वतःच्या हातानं घाईघाईनं लावून टाकलं.

"तुझ्या मायला सांगू नगं," ते म्हणाले.