घरोघरची धुणी

जानकीबाईंनी धुण्याचं गाठोडं पुढच्या दारानं दिलं नाही. बायनाबाईला परसातल्या बोळात बोलावलं, मागे कुणी नाही ना ते पाहिलं आणि गाठोडं देताना तिचा दंड घट्ट धरला.

"पोराला दात येतेत, म्हनून पोट बिघडलंय. कुनापाशी बोलू नगंस."

"म्या कावून बोलू, पाटलीनबाई?"

गाठोडं ओलं होतं. आत काय आहे ते बायनाबाईला वासावरूनच कळलं. रक्ती आव. सोनाराच्या सावित्रीबाईनंही सकाळी असंच गाठोडं दिलं होतं. पोरानं कच्चे पेरू खाल्ले म्हणाली होती. आश्रुबाच्या दगडाबाईच्या घरी खरवस बाधला होता. प्रत्येक घराला आपापलं कारण होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्याच घरी आहे.

भाद्रपदाचे दिवस होते. गावाच्या लेखी पटकी हा रोग होता. पटकी आली की मरीआईचा गाडा निघायचा, माणसं गाव सोडून रानात जायची. आव म्हणजे नुसती आव. ती पावसाबरोबर यायची आणि थंडी पडली की जायची. जाताना कुणाचं तान्हं, कुणाचं म्हातारं घेऊन जायची. तेवढ्यासाठी चिखलातून गाडी जुंपून आष्टीच्या दवाखान्यात कोण जाणार? त्यात पाटलाच्या घरात तर बोलायचीही चोरी. सरकारी माणसाच्या कानावर गेलं, तर तो पटकीच लिहून नेईल आणि बाजार बंद पडेल, अशी अर्जुनराव पाटलांना धास्ती होती.

बायनाबाई विधवा परटीण. घरात नवऱ्यानं टाकलेली लेक छबू आणि छबूची ठकी. ठकी नुकती भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. आजी गाढवावर धुणं लादायला लागली की तिलाही वर बसायचं असायचं.

सीना नदीच्या वरच्या अंगाला खडक होता. परटाचं धुणं पिढ्यान् पिढ्या तिथंच. खाली वाळू होती, तिथं बाया झिरे उकरून प्यायचं पाणी भरत. बायनाबाईच्या घरचा हंडाही तिथूनच भरायचा.

ती गाठोडी सोडत होती तेवढ्यात दवाखान्यातला कंपौंडर तट्टावरून नदी ओलांडायच्या उताराशी आला. तो चावडीवर जाऊन आला होता. पाटलांनी पानसुपारी देऊन, गावात सगळी खैरियत आहे असं सांगितलं होतं.

"बाई, गावात कुणाला जुलाब, आव?" त्यानं विचारलं.

तिच्या हातात पाटलांच्या नातवाचं दुपटं होतं. तिनं ते पाण्यात सोडलं आणि त्यावर पाय ठेवला. प्लेगाच्या साली गाव उठवलं होतं ते तिला आठवलं. सगळ्यांचे कपडे परटाच्या घरी येतात म्हणून सरकारी माणसांनी पहिली आग तिच्या छपराला लावली होती. दंडावर जानकीबाईंची बोटं अजून जाणवत होती.

"न्हाई जी. समदे बरे हायेत."

तो खडकावरच्या ढिगाकडे बघत राहिला. मग पिण्याचं पाणी कुठलं, असं त्यानं विचारलं. तिनं खाली वाळूकडे बोट दाखवलं. त्यानं खडकापासून वाळूकडे वाहत जाणाऱ्या पाण्यावर नजर फिरवली. पाणी उकळून प्यायला सगळ्यांना सांग, एवढं बोलून त्यानं तट्टू पाण्यात घातलं.

तिनं मान हलवली. पण सांगणार कुणाला? गावात तर कुणीच आजारी नव्हतं.

त्याच आठवड्यात ठकीलाही आव लागली. सुंठ उगाळून झाली, डाळिंबाची साल झाली. पाणी दिलं तर आणखी वाहील म्हणून पाणी बंद केलं. पोर ओठांवरून जीभ फिरवायची आणि हंड्याकडे बघायची. डोळे खोल गेले, रडण्यातला आवाज गेला. बायनाबाईनं मग छबूला उठवलं, ठकीला पदरात घेतलं आणि दोघी उजाडताच आष्टीच्या वाटेला लागल्या. चिखलात पाय रुतत होते. निम्मी वाट सरली तेव्हा छबू म्हणाली, "आई, हिचं अंग गार लागतंय."

त्या वाटेच्या कडेला बसल्या. नंतर उठून माघारी आल्या. दवाखान्यात कुणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी आयाबाया भेटायला आल्या. पाटलीणबाईही आल्या. परटाच्या अंगणात त्या पहिल्यांदाच येत होत्या. कडेला पदर सावरून उभ्या राहिल्या. दगडाबाई रडता रडता बोलून गेली की तिची धाकटी कालपासून डोळे उघडत नाही. तेव्हा सावित्रीबाईनं आपल्या पोराचं सांगितलं. मग एकेक करून सगळ्याच बोलल्या. कुणाची सून, कुणाचा सासरा. बोलून झाल्यावर त्या एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मला ठावं व्हतं," बायनाबाई म्हणाली. "समद्यांचं धुनं माज्याच हातात येतंय."

दगडाबाईनं डोळे पुसले. "मंग त्या दवाखान्यावाल्याला कावून न्हाई सांगितलं? त्यानं इच्यारलं व्हतं म्हनं तुला."

जानकीबाईंनी मान खाली घातली. बायनाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"चुकलं माजं," ती म्हणाली.

घरात छबू भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिची छाती दुधानं दाटून आली होती. ती वाटीत दूध पिळत होती, आणि वाटी भरली की उठून मागच्या दारी मातीत ओतून येत होती.