पडद्याची बायकांकडची बाजू

मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नव्हे, देवघरापुढचाही नव्हे, सिनेमाचा. मित्रांनो, माझ्या अंगावरून राजे धावले, चोर धावले, एकदा तर अख्खी वरात बँडासकट गेली. पण एकाच्याही पावलाचा ठसा माझ्यावर उमटला नाही. माणसं येतात, हसतात, डोळे पुसतात, निघून जातात आणि मी होतो तसाच पांढरा राहतो. लोकांना वाटतं, याला काय आठवत असणार! मला सगळं आठवतं.

माझा कापूस आपल्याच वऱ्हाडातला. खामगावच्या जिनात माझी सरकी निघाली, गठ्ठ्यात बांधून मला मुंबईला नेलं, तिथल्या गिरणीने माझं जाड मांजरपाट केलं आणि लेकीनं माहेरी यावं तसा मी पुन्हा खामगावच्याच बाजारात आलो. तिथे मला उत्तमरावांनी घेतलं. उत्तमराव म्हणजे एका फिरत्या टॉकीजचे मालक. त्यांनी शिंप्याकडून माझे पट्टे जोडून घेतले, चारी बाजूंनी काळी किनार लावली, वरच्या काठाला पितळी कड्या ठोकल्या.

"याले जपा बरं," ते आपल्या गड्यांना म्हणाले. "मशीन बिघडली तं दुरुस्त होते. हा फाटला तं हिरोच्या तोंडावर ठिगळ दिसंन."

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले. सुगी आटोपली की उत्तमराव कचेरीतून परवाना काढत आणि आमचा तंबू गावोगाव निघे. मेहकर, बीबी, एखाद्या वर्षी तर पार सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळ्यापर्यंत. पण आमचा मुक्काम जास्त दिवस पडे तो लोणारला. बाजाराजवळ नारायणरावांचं मोठं खळं होतं. मळणी झाली की ते रिकामं पडे आणि तिथे आमचा तंबू उभा राही.

पुरुष आणि बायका शेजारी शेजारी बसणार नाहीत, हे तेव्हा कोणाला सांगावं लागत नसे. उत्तमरावांनी त्यावर सोपा तोडगा काढला होता. ते मला तंबूच्या मधोमध टांगत. मशीनच्या बाजूला पुरुष, पलीकडे बायका. खेळाआधी माझ्यावर पाणी शिंपडत. ओल्या कापडातून उजेड आरपार जातो, म्हणून चित्र दोन्हीकडे दिसे. पलीकडून फक्त आरशातल्यासारखं उलटं दिसे. पाट्यांवरची अक्षरंही उलटी. पण त्याची तक्रार कोणी केली नाही. सुलटी तरी कोणाला वाचता येत होती!

पुढे बोलपट आले आणि त्यांच्याबरोबर आवाजाचा मोठा भोंगा आला. तो पडद्याच्या मागे ठेवायचा असतो. मागे म्हणजे बायकांमध्ये. त्यामुळे बायकांना शब्द न् शब्द लख्ख ऐकू येई आणि पुरुषांना तो माझ्यातून गाळून मिळे. पुढे जे रामायण झालं ते याच्यामुळेच.

बायकांकडची पहिली जागा सोजराबाईची. ती आणि तिचा नवरा हिंमतराव भाजीपाला पिकवत. बाजाराच्या दिवशी वांगी-मेथी विकून झाली की ती थेट तंबूत येई, रिकामी टोपली पालथी घाली आणि तिच्यावरच बसे. तिला विनोदी चित्रं आवडत. पुढच्या बाजाराला भाजीबरोबर तिचं मतही मिळे, आणि खरं सांगायचं तर काही बाया त्यासाठीच तिच्याकडे वांगी घ्यायला येत.

"काऊन वं सोजरा, मांगच्या बाजारचा शिनेमा कसा होता?"

"तो तोतऱ्या मुनीमजीचा? पयल्यांदा हासली, दुसऱ्यांदा हासली, तिसऱ्यांदा म्हटलं, बापा, आता औषध घे."

"अन् तो केळाच्या सालीवरून पडते तो?"

"पडला म्हंजे इनोद झाला का? पडणं काय, आमची म्हैस बी पडते. पडाच्या आधी त्याच्या तोंडावर जे येते ना, 'मेलो आता' असं, तो इनोद. थे याले जमते. म्हणून याले माफ."

दोन जावयांची अदलाबदल होते असं एक चित्र आलं होतं. सगळं गाव त्यावर खूश. सोजराबाई मात्र मेथीची जुडी झटकत म्हणाली, "सासूले येवढं बी समजू नये? जावई जेवाले बसला की सासू वळखते, तोंड पाहाची गरज नाही." दुसऱ्या एका चित्रात नट बाईचा वेष घेतो. त्यावर ती म्हणाली, "मिशी काढली, पदर घेतला, पण भाकर थापाच्या आधी बांगड्या वर सारल्या नाही. बाई नाही शोभला. पण हासू आलं, म्हंजे झालं." आणि गाणी फार असलेल्या चित्रांवर तिचा राग होता. "आत्ता कुठं तोंड उघडलं, का हे लागले गायले. माणसानं हासाव कवा?"

एका बाबतीत मात्र तिचं आणि हिंमतरावांचं कधीच जमलं नाही.

"येवढे मोठे शेठ लोक," ती म्हणे, "पण जेवतात डाव्या हातानं. मुंबईले कोणी शिकवत नाही का?"

"उजव्याच हातानं जेवत होता वं! म्या या डोयानं पाह्यलं."

"तुमी मांगून पाहून राह्यले. मी समोर बसते."

तिचं काय चुकलं? माझी पुढची बाजू कोणती, हे मलाही कधी कोणी सांगितलं नव्हतं.

सोजराबाईच्या टोपलीला टेकून रुखमाबाई बसत. खळ्याचे मालक, गावातले मोठे जमीनदार नारायणराव, त्यांच्या त्या पत्नी. झाकलेल्या दमणीतून, म्हणजे बैलांच्या छोट्या गाडीतून येत, कपाळापर्यंत पदर ओढलेला. घरी त्या मोठ्यानं बोलत नसत. सासू होती म्हणून चाल पडली. सासू गेली, चाल राहिली. पण तंबूत अंधार झाला आणि माझ्यावर उजेड पडला की रुखमाबाई वेगळ्याच होत. आधी नाकातून फुस्स होई. मग घशात उकळी येई. मग असं खिंकाळणं सुटे की माझं कापड हलावं, आणि शेवटी सोजराबाईच्या पाठीत एक थाप. सगळ्या आठवड्यात रुखमाबाईंना हसायला एवढी एकच जागा होती.

नारायणराव माझ्या दुसऱ्या बाजूला, पुढच्या रांगेतल्या एकट्या खुर्चीवर बसत. बायका आधी हसत, पुरुष त्यांच्यामागून. भोंगा तिकडे, त्याला कोण काय करणार! पण एका बाजारी कोणीतरी भर रस्त्यात नारायणरावांना टोमणा मारला, "काय पाटील, बाया हासल्यावर समजला वाटते तुमाले इनोद?" ते तसेच तरातरा तंबूत आले. उत्तमराव माझी एक सैल कडी बसवत होते.

"उत्तमराव, हे काय लावलं? लोक म्हणून राह्यले, गड्यांले बायांनं सांगतल्याबिगर हासता येत नाही."

"भोंगा तिकडं आहे ना मालक, म्हणून..."

"अन् ती एक बाई! घोडीवानी खिंकाळते. कोणाच्या घरची आहे? काही रीतभात? आमच्या घरचं माणूस बी तिकडंच बसते. कधी आवाज आला?"

उत्तमराव कडी ठोकू लागले. त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या गड्यांना ठाऊक होतं. मला तर होतंच. ज्याला ठाऊक नव्हतं असा माणूस एकच होता. आपल्या बायकोचं हसू ओळखायला ते आधी कधी ऐकलेलं असावं लागतं.

"आज पाहातो," नारायणराव म्हणाले. "बाया गप बसल्या तं ठीक. एक आवाज आला, तं उद्या याच्या मांगून चुना फासा. जाड. खळं माझं आहे."

पाठीला जाड चुना फासला की उजेड माझ्यातून पलीकडे जाणार नव्हता. पुरुषांना चित्र दिसलं असतं. बायकांना नुसता काळोख.

उत्तमराव सोजराबाईच्या भाजीपुढे जाऊन उकिडवे बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"आजचा इनोदी आहे का?" तिनं विचारलं.

"लय इनोदी."

"मंग काऊन आणला बापा आजच! रडका आणाचा होता."

दिवेलागण झाली, खेळ सुरू झाला. बायकांनी पदराचे बोळे करून तोंडात धरले होते. चित्र एका कंजूष शेठजीचं होतं. पाहुणे येणार म्हणून तो लाडू आपल्या फेट्यात लपवतो. पाहुण्यांपुढे वाकून नमस्कार करावा लागतो, आणि वाकला की एक लाडू पडतो. शेठजी तो उचलून मोठ्या गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, "प्रसाद!" पुन्हा पाहुणा, पुन्हा नमस्कार, पुन्हा लाडू.

पहिला लाडू पडला. पलीकडे शांत. आणि म्हणून अलीकडेही शांत. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. दुसरा पडला. कोणी नुसतं खाकरलं.

"बेकार आहे बे शिनेमा," मागून एक आवाज आला.

"मांगच्या बाजारी याच नटाले हासून राह्यला होता ना तू?"

"थे तं बाया हासल्या होत्या."

नारायणराव खुर्चीत चुळबुळले. बिचारा शेठजी माझ्या अंगावर एकटाच वाकत होता, एकटाच लाडू उचलत होता. विनोदी नटाला हसू नाही मिळालं तर तो किती केविलवाणा दिसतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

तिसरा लाडू पडला आणि माझ्या पलीकडे फुस्स झालं. सोजराबाईनं झटकन रुखमाबाईंच्या तोंडावर हात ठेवला. रुखमाबाईंचे डोळे पाण्यानं भरले, खांदे गदगदू लागले, चेहरा लालबुंद झाला. सोजराबाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. सिनेमा तिला किती प्यारा होता, हे माझ्याइतकं कोणाला माहीत! पण तिनं हात काढून घेतला.

"हास वं रुखमा!" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मरशीन नाही तं. चुना गेला चुलीत!"

आणि ते हसू सुटलं. मी वरच्या कडीपासून खालच्या किनारीपर्यंत हललो. त्यांच्यामागे सगळ्या बाया. पुरुषांकडे मात्र एकदम चिडीचूप, कारण नाव सगळ्यांनी ऐकलं होतं. घाबरून उत्तमरावांनी मशीन थांबवली आणि कंदील वर केला.

नारायणराव उठले. माझ्यापासून हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. त्यांचा श्वास मला लागत होता.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

पलीकडून उत्तर आलं.

"मी आहो. तुमच्या घरची."

त्यांची मुलं मोठी होऊन अकोल्याला शिकायला गेली होती. एवढा संसार झाला होता.

"तू... अशी हासते?"

"हाव."

"घरी तं कधी..."

"घरी कवा हासाव?" रुखमाबाई म्हणाल्या. "तुमी कधी लाडू पाडले?"

मग हिंमतराव फिसकन हसले, आणि मग माझ्या दोन्ही बाजू एकाच वेळी हसल्या. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं.

नारायणराव परत खुर्चीवर जाऊन बसले.

"उत्तमराव," ते म्हणाले, "तो लाडवाचा तुकडा फिरून लावा."

"अन् बायांचा आवाज, मालक?"

"येऊ द्या."

दुसऱ्यांदा लाडू पडले तेव्हा नारायणरावांनी चित्राकडे पाहिलंच नाही. मान थोडी कलती करून, कान माझ्याकडे लावून ते बसले होते. फुस्स झालं. उकळी आली. खिंकाळणं सुटलं. नारायणरावांनी फेट्याच्या शेमल्यानं हळूच डोळे टिपले.

पुढच्या बाजारी बायांनी विचारलं तेव्हा सोजराबाई म्हणाली, "शिनेमा बरा होता. पण त्याच्यापरीस आमचा बरा झाला."

मित्रांनो, त्यानंतर मी पुष्कळ गावं पाहिली. मग मोठ्या गावांत पक्की थेटरं झाली. तिथे खुर्च्या आल्या, पंखे आले, बायकांना वेगळी गॅलरी आली आणि चित्र सगळ्यांना एकाच बाजूनं दिसू लागलं. उत्तमराव थकले. त्यांनी मशीन विकली, तंबू विकला. मला कोण घेणार? जाता जाता त्यांनी मला सोजराबाईच्या ओटीत टाकलं. आता उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळतात, उरलेले दिवस मी तिच्या घरच्या संदुकीत घडी घालून असतो. पूर्वी गावोगाव माझी वाट पाहत. आता मला कोणी विचारत नाही. तसं वाईट वाटतं, पण सोजराबाईच्या घरी आहे, म्हणून फार नाही वाटत.

मागच्या उन्हाळ्यात नारायणराव आले होते. रुखमाबाईंना जाऊन काही महिने झाले होते. काठी टेकत ते माझ्याजवळ, अंगणातल्या बाजेवर बसले.

"सोजराबाई," ते म्हणाले, "त्या दिवशी ती पयल्या लाडवाले हासली होती का तिसऱ्या?"

"फुटली तिसऱ्याले, पाटील. पण पयल्यापासूनच हासून राह्यली होती. पोटातल्या पोटात."

नारायणरावांनी हात लांबवून माझ्या कापडावरची घडीची रेघ सरळ केली.

म्हणून सांगतो, मित्रांनो. जुनं कापड घरात असेल तर त्याला अधूनमधून ऊन दाखवा, झटका, आणि घडी बदलून ठेवा. वर्षानुवर्षं एकाच घडीत ठेवलं की ते त्या घडीवरच विरतं; बाहेरून धडधाकट दिसतं आणि उलगडायला जावं तर हातात दोन तुकडे येतात. घरातली माणसंही फार दिवस एकाच घडीत ठेवू नका.