चौदारावांचं स्थळ

समोरच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरचं कुटुंब घर सोडून गेलं, तेव्हा ट्रकमध्ये फ्रिज चढला, पलंग चढले, गॅलरीतल्या सात कुंड्यासुद्धा एकेक करून खाली नेल्या गेल्या. कुत्रा तेवढा गॅलरीत राहिला.

तिला हे तिसऱ्या दिवशी कळलं. तो भुंकला असता तर आधी कळलं असतं, पण तो भुंकत नव्हता. सळ्यांमधून नाक बाहेर काढून, ट्रक ज्या कोपऱ्यावरून वळला त्या कोपऱ्याकडे बघत नुसता उभा होता. सकाळी कामाला जाताना तिला तो दिसला. संध्याकाळी परत येताना तसाच दिसला, तेव्हा खांद्यावरची पिशवीही न उतरवता तिने इमारतीच्या इलेक्ट्रिशियनला शिडी आणायला लावली. "ताई, परत?" एवढंच तो म्हणाला आणि शिडी आणायला गेला. या कामात तोही आता तयार झाला होता.

एका मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ती सव्वीस वर्षं काम करत होती. शस्त्रक्रियेतून आलेले तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवायचे, केसाहून बारीक काप काढायचे, ते काचपट्टीवर घेऊन रंगवायचे. मग डॉक्टर ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून रोग कसला ते सांगत. म्हणून तिथे तिला सगळे स्लाइडताई म्हणत. सव्वीस वर्षांत एकाचा नमुना दुसऱ्याच्या नावावर तिच्या हातून गेला नव्हता. नियम साधा होता: आधी डबीवर नाव, मग डबीत नमुना. उलट कधीच नाही. या सव्वीस वर्षांत नमुने टिकवायच्या फॉर्मालिनने तिचं नाक मात्र निकामी केलं होतं. दूध करपलं तरी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी सांगावं तेव्हा तिला कळे.

हा तिच्याकडे आलेला चौदावा कुत्रा. नाव ठेवलं की जीव अडकतो, म्हणून ती नंबर देत असे. नवरा गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा. त्याने पहिल्याच दिवशी नंबराला मान देऊन टाकला. "चौदाराव, या. बसा. पाहुणचार गोड मानून घ्या, मुक्काम मात्र बारा दिवसांचाच."

बारा दिवस, कारण सासूबाई धाकट्या दिरांकडे गेल्या होत्या आणि पुढच्या रविवारी संध्याकाळी परत येणार होत्या. त्यांना दमा होता. कुत्र्याचे चार केस उडाले की त्यांची छाती भरून येई. मागच्या वेळी तर त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्या तोंडाने कधी काही बोलल्या नव्हत्या, म्हणून तर तिला जास्त वाईट वाटायचं. तेव्हा रविवारच्या आत कुत्र्याला घर मिळायला हवं होतं, नाहीतर त्याची रवानगी पालिकेच्या कोंडवाड्यात. आठ-नऊ वर्षांचा, तोंडावर पांढरे केस आलेला, एक सुळा तुटलेला कुत्रा तिथे गेला की काय होतं, हे तिला माहीत होतं.

चौदाराव बसत नव्हते. दाराकडे तोंड करून उभे राहत. उभ्या उभ्या पेंग आली की पुढचे पाय घसरत, हनुवटी फरशीला टेकायच्या आत ते दचकून पुन्हा उभे. खाणं नावापुरतं.

कुत्र्याला घर हवंय असं तिने सगळीकडे कळवलं होतं, त्यावर फोन येत होते. किती वर्षांचा, कुठल्या जातीचा, लहान मुलांना चावेल का. वय सांगितलं की समोरच्याचा आवाज पातळ होई, मग "घरी विचारून सांगतो". नवरा म्हणाला, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. तुझ्या तर नवरदेवाचाच सुळा तुटलेला."

तिच्याकडे पन्नास गुणांचा एक फॉर्म होता. फाटक किती उंच, घरात किती माणसं, गावाला गेलात तर कुत्रा कुठे ठेवणार, असलं सगळं त्यात होतं. आणि एक अट अशी, की ती मोडली तर गुण मोजायचेच नाहीत: घेणाऱ्याचं वय पासष्टच्या आत हवं. चौथा कुत्रा मालक वारल्यावर तिच्याकडे परत आला होता. नववाही तसाच परत आला, आणि सात महिने तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाखाली पडून राहून तिथेच गेला. त्यानंतर तिने कानाला खडा लावला.

शेवटी दोनच स्थळं उरली. एक बेकरीवाल्याचं. बैठं घर, मागे अंगण, दोन मुलं; एक्केचाळीस गुण. दुसरा एक निवृत्त बसड्रायव्हर, एकटा, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वय त्र्याहत्तर. फोन त्याच्या पुतणीने केला होता आणि ती इतक्या अजिजीने बोलली, की नाही म्हणायच्या आधी घर तरी बघून येऊ, असं तिला वाटलं. ड्रायव्हरकाका फारसं बोलले नाहीत. गुडघ्याला बाम चोळत बसले होते. जिने चढता का, विचारलं तर म्हणाले, "दिवसातून दोनदा. सावकाश." कुत्र्याबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला: तो उभा का राहतो?

तिची एक पद्धत होती. तिने एकाच गठ्ठ्यातले बारा निळे टॉवेल घेतले होते. प्रत्येक वेळी उकळून, वाळवून एक टॉवेल त्या घरी द्यायची आणि तीन रात्री उशाखाली घेऊन झोपा म्हणायची. मग तो परत आणून कुत्र्याच्या अंथरुणात घालायची, म्हणजे माणसाच्या आधी माणसाचा वास ओळखीचा होतो. टॉवेल सगळे सारखे, कारण फरक असलाच तर तो फक्त वासाचा असावा. लोकांना हे चमत्कारिक वाटे, पण देत.

या वेळी वेळ कमी होता, म्हणून तिने दोन्ही घरी टॉवेल दिले आणि गुरुवारी दोन्ही परत आणले. त्या दिवशी सोबतची मदतनीस आली नव्हती. तिने एकटीने एकशे दहा पट्ट्या रंगवल्या होत्या. दोन्ही टॉवेल प्रयोगशाळेतल्या दोन सारख्या पिशव्यांत घातले. पिशवीवर नाव लिहायला पांढरी चौकट होती. घरी गेल्यावर लिहू, असं तिने ठरवलं. बेकरीवाल्याची डाव्या हातात आहे, लक्षात राहील.

घरी आल्यावर डाव्या हातातला टॉवेल तिने अंथरुणात घातला. चौदारावांनी तो बराच वेळ हुंगला, दोन फेऱ्या मारल्या आणि खाली बसले. मग आडवे झाले. सकाळी उठून त्यांनी वाटी चाटून साफ केली. तिने वहीत वेळ टिपून ठेवली आणि बेकरीवाल्याला रविवारचं कळवलं. त्याच्या बायकोने मुलांना तिथूनच हाक मारून सांगितलं. मग तिने ड्रायव्हरकाकांना फोन केला आणि अटीचं सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे तुमचं. आपल्याला काही तक्रार नाही. एवढं बोलूनही त्यांनी फोन ठेवला नाही. शेवटी तिनेच ठेवला.

शनिवारी दुपारी नवरा धुणं गोळा करत होता. त्याने दुसरी पिशवी उघडली आणि म्हणाला, "वा. काय पावाचा वास आहे."

ती भांडी विसळत होती. नळ बंद करून बाहेर आली. "कुठल्याला?"

"या टॉवेलला. भट्टीतून काढल्यासारखा."

तिने त्याला अंथरुणातला टॉवेल हुंगायला लावला. तो गुडघ्यांवर बसून वाकला, तेव्हा चौदारावांनी त्याचा कान चाटला. "बाम," तो म्हणाला. "नुसता बाम. अगं, तू कुणाच्या गळ्यात कुणाला घालतेयस?"

ती स्टुलावर बसली. सव्वीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं ते घरात, दोन टॉवेलांवर झालं होतं. प्रयोगशाळेत असं झालं असतं तर कुणाला तरी नसलेला रोग चिकटला असता आणि कुणाचा तरी असलेला लपला असता. नवऱ्याला वाटलं, आता निकाल लागला. कुत्र्यानेच माणूस निवडला. पण तिला तसं वाटेना. एक नमुना म्हणजे पुरावा नव्हे. कदाचित गुरुवारी तो कुठल्याही टॉवेलवर झोपला असता, कारण चार पायांवर तरी माणूस किती दिवस उभा राहील. "माणूस नाही, कुत्रा," नवरा म्हणाला. तेच ते, ती म्हणाली.

तिने बामाचा टॉवेल काढून पावाचा घातला आणि घड्याळ लावून समोर बसली. चौदारावांनी हुंगलं, दोन फेऱ्या मारल्या आणि आडवे झाले. तितकीच मिनिटं. थोड्या वेळाने घोरायलाही लागले.

म्हणजे कुत्र्याने काहीच सांगितलं नव्हतं. फॉर्म सांगत होता: बेकरीवाला. अंगण सांगत होतं: बेकरीवाला. फक्त तिला राहून राहून आठवत होतं, की ती नवरा-बायको दोघं पहाटे चारला भट्टीवर जातात, मुलं सातला शाळेत, आणि दुपारी दोनपर्यंत अंगणात कुणी नसतं. तिने विचारलं होतं तेव्हा बायको म्हणाली होती, फाटक आहे ना, बघत बसेल रस्त्याकडे. त्या उत्तराला तिने पाचपैकी तीन गुण दिले होते.

रविवारी सकाळी ती कुत्र्याला घेऊन निघाली. नवऱ्याने विचारलं, कुठे? ती म्हणाली, आधी ड्रायव्हरकाकांकडे. चूक माझी आहे, तोंडावर सांगायला हवी.

तीन मजले चढायला कुत्र्याला तिच्यापेक्षा कमी त्रास झाला. काकांनी दार उघडलं, कुत्र्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाले. त्यांनी त्याला हाक मारली नाही की हात लावला नाही. तिने बसून टॉवेलांचं सगळं क्रमाने सांगितलं.

"म्हणजे तो माझ्या वासावर झोपला," ते शेवटी म्हणाले.

"झोपला. पण दुसऱ्याही वासावर झोपला."

"मग आम्ही सारखेच."

"हो."

"मग इथे का आलात?"

"तिथे तो दिवसभर फाटकातून रस्ता बघत उभा राहील असं वाटतं," ती म्हणाली. "पुरावा नाही माझ्याकडे. मी दमलेय, काका. दमल्यामुळेही वाटत असेल."

काकांनी गुडघा धरून पाय लांब केला. "बस चालवताना शेवटच्या थांब्यावर एक म्हातारी रोज झोपलेली असायची. उठवायचो. एकदाच न बघता गाडी आगारात नेऊन लावली, दार बंद केलं. तासाभराने लक्षात आलं. उभी होती आत, दांडा धरून." त्यांनी पाय पुन्हा जवळ घेतला. "ते असू दे. तुमची अट बरोबरच आहे. मी त्र्याहत्तर, हा नऊ. मी आधी गेलो तर? पुतणीच्या घरी जागा नाही. ती फोनवर काहीही कबूल करेल."

तिला हे माहीत होतं. ती अट कुत्र्यासाठी आहे असं ती सगळ्यांना सांगत आली होती. खरं तर ती तिच्या स्वतःसाठी होती: परत आलेला कुत्रा पुन्हा दारात उभा राहू नये म्हणून, पुन्हा एकदा टेबलाखाली वाकून श्वास चालू आहे का ते बघायला लागू नये म्हणून. आज बेकरीवाल्याकडे दिला तर तो बहुधा कायमचा गेला. इथे दिला तर कधीतरी परत येईल, आणि तेव्हा सासूबाईंचं काय करायचं, त्या कुत्र्याचं काय करायचं, तिचं स्वतःचं काय करायचं, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"मला फोन करायचा," ती म्हणाली. "पुतणीने नाही, तुम्ही. दवाखान्यात जायची वेळ आली, जिने चढवेनासे झाले, काहीही झालं तरी. मी येऊन घेऊन जाईन."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी मान हलवली. मग कुत्र्याला म्हणाले, "बस." तो बसला नाही. "नको बसू," ते म्हणाले, "मी बसलोय." आणि पट्टा तिच्या हातातून घेतला.

काकांनी दार लावून घेतल्यावर ती पहिल्या वळणापर्यंत उतरली आणि पायरीवर टेकली. आतून काही आवाज येतो का ते तिने ऐकलं, येत नव्हता. मग तिने बेकरीवाल्याच्या बायकोला फोन लावला. सबबी सांगितल्या नाहीत. पलीकडून बाई म्हणाली, "ताई, मुलं सकाळपासून फाटकात उभी आहेत. असं करायचं होतं तर आधी सांगायचंत."

"तुमचं बरोबर आहे," ती म्हणाली.

"मुलांना काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

मागे धाकटा रडायला लागलेला ऐकू आला. बाई थोडी नरमली. दुसरा एखादा आला तर कळवाल का, शक्यतो लहान वयाचा, असं तिने विचारलं.

"येईल," ती म्हणाली. "येतच असतात."

फोन पिशवीत टाकून ती उठली. संध्याकाळपर्यंत सगळं घर दोनदा पुसायचं होतं, पडदे धुवायचे होते. कठड्याला धरून, सावकाश, ती खाली उतरू लागली.