प्लॅटिनमची शिस्त

पाण्यात कालवलेल्या पांढऱ्या पुडीवर प्रकाश टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे यायला हवेत, आणि त्यासाठी पुडीच्या कणांवर प्लॅटिनमचे अणू एकेकटे, लांब लांब बसायला हवेत. आमचे मेले बसत नव्हते. भट्टीत तापवले की घोळका करायचे आणि पूड करडी पडायची.

"तुमचं पाहून शिकतात ते," प्रयोगशाळेचे मोठे सर म्हणाले. "दिवसभर घोळक्यात बसता. शिस्त आपल्यापासून सुरू होते!"

झालं. टेबलं लांब गेली, चहा एकेकट्याने. माझा नवरा माझ्याच प्रयोगशाळेत. त्याचं टेबल थेट जिन्याखाली गेलं. बाकीचे तोंडदेखलं पाळत होते, हा मात्र घरीसुद्धा अंथरूण घेऊन बाल्कनीत गेला.

"अरे, निदान जेवायला तरी आत ये."

"उद्या नमुना तपासायचाय. अणूंना कळतं गं."

कळतं म्हणे! दुसऱ्या दिवशी पूड करडीच निघाली. मग मी वैतागून वेगळंच केलं. प्लॅटिनम घालण्याआधीच पूड तापवून तिच्यातला थोडा ऑक्सिजन उडवून लावला. तो गेला तिथे खळगे पडले, आणि त्या खळग्यांत अणू एकेक करून असे रुतले की पुन्हा तापवलं तरी हलेनात. दिव्याखाली बुडबुडे उसळले.

"बघा, शिस्त!" सर म्हणाले, आणि नियम कायमचा केला.

नवऱ्याने बाल्कनीला पडदा लावला. मला रडूच आलं. हा आता जन्मभर तिथेच राहणार.

मग म्हटलं, पुडीला जमलं ते मला का जमू नये? जेवणाच्या टेबलाजवळची त्याची खुर्ची मी शेजारणीकडे ठेवून आले. चपला, दाढीचं सामान, पलंगावरची उशी, सगळं उचललं.

संध्याकाळी तो पाणी प्यायला आत आला आणि थबकला.

"माझी खुर्ची?"

"नाही."

"उशी?"

"तीही नाही."

त्याने घरभर फेरी मारली. चेहरा एवढासा झाला. मग टेबलापाशी आला, खुर्चीच्या रिकाम्या जागेत फरशीवरच मांडी घालून बसला आणि ताट मागितलं.

सकाळीही तो तिथून उठेना, तेव्हा मोठे सर स्वतः त्याला प्रयोगशाळेत न्यायला आले. दोन्ही हात धरून त्यांनी ओढलं, पण हा ढिम्म हलला नाही.

मी सरांना चहा दिला. बाल्कनीत, एकट्यांना.