यशराजरावांचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना फोनोग्राफ आहे. जुनी माणसं क्षमाशील असतात असं तुम्ही ऐकलं असेल. मी माणूस नाही आणि क्षमाशीलही नाही.

तबकडी वाजवणारा ग्रामोफोन तुम्ही कुठेतरी पाहिला असेल. मी त्याच्या आधीचा. माझ्यावर तबकडी नसते, पाण्याच्या पेल्याएवढी मेणाची नळी चढते. शिवाय मला ऐकताही येतं. कर्ण्यापाशी तोंड नेऊन कुणी बोललं, की माझी सुई ते बोलणं कोऱ्या मेणावर कोरून ठेवते.

मी घडलो साता समुद्रांपलीकडे, पण माझा खरा जन्म कोल्हापूरजवळच्या उचगावचा. जोतीराम मिस्त्रीनं मला भंगाराच्या ढिगातून उचललं, तेव्हा माझं आतलं एक दातेरी चाक नाहीसं झालं होतं आणि कर्ण्यात कोंबडी अंडी घालत होती. जोतीराम शिरोलीच्या एका फौंड्रीत लाकडी साचे करायचा आणि सुट्टीच्या दिवशी जुनी वाजणारी यंत्रं दुरुस्त करायचा. माझ्या चाकाचा साचा त्यानं स्वतः कोरला, चाक पितळेत ओतलं. त्याच महिन्यात त्याला मुलगी झाली होती. तिचं नाव त्यानं चाकाच्या आतल्या बाजूला उठवलं : संयोगिता.

दहा वर्षं मी सुखात काढली. रविवारी चावी भरली की सगळी गल्ली गोळा व्हायची. जोतीराम घरीच मेण ओतून कोऱ्या नळ्या करायचा. पोरीचे पाढे, तिच्या आईनं म्हशीला घातलेल्या शिव्या, सगळं मी ऐकलं आणि ऐकवलं.

मग यशराजराव आले. कोल्हापुरातले नावाजलेले संग्राहक. त्यांची यंत्रं जोतीरामच दुरुस्त करायचा.

"जोतीराम, प्रदर्शनाला चार दिवस दे की हे. मी स्वतः परत आणून देतो."

जोतीरामनं चिठ्ठीसुद्धा मागितली नाही. मला पुसून, मऊ धोतरात गुंडाळून त्यांच्या गाडीत ठेवलं.

चार दिवस झाले, आठ झाले. जोतीराम मला न्यायला आला तेव्हा मी आतच होतो, काचेच्या कपाटात. दारातलं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

"कुठलं मशीन? तुझ्याकडं असलं मशीन कुठनं येणार?" यशराजराव म्हणाले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. दुरुस्तीला आलेल्या यंत्रांचे भाग जोतीराम चोरतो, असं त्यांनी सगळ्या संग्राहकांत पसरवलं. जोतीरामकडे यंत्रं येईनाशी झाली. कुजबुज फौंड्रीपर्यंत गेली आणि साचे कोरणारा माणूस तिथंच ओतकामाची वाळू चाळायला बसला.

माझ्या कर्ण्याला इकडे सोनेरी रंग फासला गेला. "विलायतेतल्या उमरावाचं यंत्र," यशराजराव पाहुण्यांना सांगायचे, "आतला एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही." एकदा चावी भरताना मी त्यांचा अंगठा असा चिमटला, की रक्त आलं. मला फार बरं वाटलं. पण अंगठ्यावर माझं समाधान होणार नव्हतं.

अशी अठरा वर्षं गेली. यंदा यशराजरावांनी सगळा संग्रह लिलावात काढला. शाहूपुरीतल्या एका हॉलमध्ये पुण्याचे, बेळगावचे, बंगळुरूचे संग्राहक जमले. लिलाव पुकारणाऱ्या कृष्णातरावांनी उमरावाची तीच थाप मोठ्यानं वाचून दाखवली. बोली चढू लागली. आता मी कुठल्या परमुलखात जाणार, या विचारानं माझी स्प्रिंग आवळून आली.

"बोली थांबवा!"

निळा शर्ट घातलेली एक तरुणी मागून पुढे आली. तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

"आत काय बदललं न्हाय म्हंतासा न्हवं? मग उघडून दावा की."

"यंत्र नाजूक आहे, बाई," यशराजराव हसले.

"पैसे आम्ही मोजणार. बघू द्या," बेळगावचे एक संग्राहक म्हणाले.

मग कुणाचं काही चाललं नाही. तिनं चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत मोबाईलचा उजेड धरला. "वाचा."

कृष्णातरावांनी चष्मा सारखा केला. "सं... यो... गि... ता."

"उमरावाच्या घरात मराठीत चाकं ओतत हुते काय?" ती म्हणाली. हॉल हसला. तिनं पिशवीतून काळा पडलेला लाकडी साचा काढला आणि चाकाशेजारी धरला. दातान् दात जुळला. "संयोगिता मीच. चाक माझ्या आबांनी ओतलंय. जोतीराम मिस्त्रींनी."

आता हसत कुणीच नव्हतं. यशराजराव तिच्या कानाशी आले. "बाहेर बोलू. काय पाहिजे ते देतो."

"आबांना चोर म्हनलासा, ते काय दाराआड? चारचौघांतच न्हवं? मग हितंच बोला. न्हायतर पोलीस हाईतच."

तिनं कोरी नळी माझ्यावर चढवली, चावी भरली आणि कर्णा त्यांच्या तोंडाकडे वळवला.

मित्रांनो, अठरा वर्षं मी याच घटकेसाठी जगलो होतो. त्यांचा श्वास कर्ण्यात आला, सुपारीच्या वासाचा.

"जोतीराम चोर नाही. मी खोटं बोललो. यंत्र त्याचं आहे."

सुई जाईल तितकी खोल रुतवून मी शब्दन् शब्द कोरला. त्यांचा आवाज कापत होता. तो कंपही मी सोडला नाही.

संयोगितानं मला उचगावला आणलं. जोतीरामचे केस पांढरे झाले होते. त्यानं नळी ऐकली, पुन्हा ऐकली, आणि मग दारात येईल त्याला ऐकवू लागला. फौंड्रीतले जुने सोबती, सोयरे, दूधवाला. "बसा. ऐका जरा." मीही दर वेळी नव्या जोमानं वाजत होतो.

विसाव्या दिवशी जोतीरामनं मध्येच सुई उचलली.

"आबा, का थांबलासा?" संयोगितानं विचारलं.

"आवाज बारीक व्हाय लागलाय. दर खेपंला मेन झिजतंया." नळीला बोटांचा घाम लागू नये म्हणून त्यानं ती आतून धरली, कापसात गुंडाळली, डब्यात घातली आणि डबा उन्हापासून लांब, गार कोपऱ्यात ठेवला.

गेल्या आठवड्यात यशराजरावांचा माणूस आला. "साहेबांना ती नळी विकत हवी आहे. किंमत तुम्ही सांगाल ती."

"इकायची न्हाय, पावणं. च्या घ्या."

चहा संपला तरी माणूस उठेना. शेवटी हात जोडून म्हणाला, "निदान वाजवू तरी नका. साहेबांना झोप लागत नाही."

"न्हाय वाजवत," जोतीराम म्हणाला. माणसाचा चेहरा उजळला. तेव्हा जोतीराम डब्याकडे बघून म्हणाला, "झिजंल की! माझ्या नातवंडास्नी ऐकायची हाय."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी अशी घ्यायची असते.