मुका ठरवलेला पंप

मोठ्या सिस्टर खुर्चीत बसल्या आहेत, असं दृश्य त्या वॉर्डात क्वचितच दिसायचं. ऑपरेशन झालेल्या बायकांचा तो वॉर्ड. दोन्ही बाजूंना खाटा, मधे सिस्टरांचं टेबल आणि टेबलाशी बहुतेक वेळ रिकामी असलेली खुर्ची. एक फेरी संपली की दुसरी सुरू. ह्या खाटेची सलाइन बघ, त्या खाटेचा पंप बघ, परत पहिल्या खाटेशी ये. डॉक्टर नव्या मुलींना सांगायचे, "काम शिकायचं तर ह्यांच्याकडून शिका. पायाला नुसती भिंगरी आहे." सिस्टर हसायच्या आणि पुढच्या खाटेकडे वळायच्या.

त्या भिंगरीचं खरं कारण कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सिस्टरांनी ते स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. त्यांचा कानांवरचा भरवसा उडाला होता. कुठे काही वाजलं आणि आपल्याला कळलं नाही तर, ही धास्ती त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. म्हणून कानाचं काम त्या डोळ्यांकडून आणि पायांकडून करून घेत होत्या.

त्यासाठी त्यांनी नियमही केले होते. वॉर्डात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर समोर उभं राहून सांगायचं. "तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस," हे वाक्य प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी ऐकावं लागे. लोक ह्याला शिस्त म्हणायचे. घरी मुलीचा फोन आला की सिस्टरांचे हात नेमके ओले असायचे. "बाबांशी बोल गं," म्हणत त्या फोन नवऱ्याच्या हातात द्यायच्या. नवऱ्याला वाटे, दिवसभर राबून थकलीय बिचारी.

मग सर्दीतापाची साथ आली आणि वॉर्डात सगळ्यांनी मास्क लावावा असा हुकूम निघाला. एका दिवसात वॉर्डातले सगळे ओठ झाकले गेले. आपण आजवर माणसांचं बोलणं अर्धं त्यांच्या ओठांवरून उचलत होतो, हे सिस्टरांना ठाऊकच नव्हतं. त्यांना वाटलं, मास्कचाच दोष. "ह्या मेल्या मास्कमुळे कुणाचं काही कळत नाही," असं त्या म्हणाल्या, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यामुळे त्यांना तेवढाच धीर आला.

त्याच सुमारास वॉर्डातले पंप एकेक करून मुके व्हायला लागले. पंप म्हणजे औषध ठरल्या वेगाने शरीरात सोडणारं छोटं यंत्र. औषध संपत आलं की ते बारीक, किनऱ्या आवाजात वाजू लागतं. "हा वाजत नाही, दुरुस्तीला पाठवा," असं म्हणून सिस्टरांनी एक पंप पाठवला. मशीनवाला तो परत घेऊन आला आणि म्हणाला, "सिस्टर, छान वाजतोय की." आठवड्याभरात दुसरा पंप गेला, मग तिसरा. मोठ्या सिस्टरांशी हुज्जत घालण्याची त्याची छाती नव्हती. तो यंत्र पुसूनबिसून, नवी बॅटरी घालून परत आणायचा आणि सिस्टर मनात म्हणायच्या, हल्ली कुणाला कामच नको.

चिमणीवरही त्यांचा असाच राग होता. चिमणी म्हणजे वॉर्डातली सगळ्यात नवी नर्स. अंगाने बारीक, गळ्याने त्याहून बारीक. तिची नोकरी अजून कायम व्हायची होती. पोरगी कामाला चोख, पण तिचं बोलणं सिस्टरांना कधी धड कळायचं नाही आणि त्या सारख्या तिच्यावर खेकसायच्या.

त्या दिवशी सकाळी गोळ्यांचा मोठा साठा आला. तो मोजून घ्यायचा म्हणून सिस्टर नाइलाजाने खुर्चीत बसल्या. त्यांची पाठ पाच नंबरच्या खाटेकडे होती. त्या खाटेवर एक बस कंडक्टर बाई होती. आदल्या दिवशी तिचं मोठं ऑपरेशन झालं होतं आणि रक्तदाब टिकवून धरणारं औषध पंपातून तिच्या शरीरात जात होतं. सिस्टर मोजत होत्या. मोजता मोजता एकदम समोरच्या खाटेवरचा नर्सला बोलावायचा लाल दिवा लागलेला त्यांना दिसला. त्या खाटेवरच्या पेशंट, ज्यांना सगळे हेडबाई म्हणत, त्या उशीवरून अर्ध्या उठून हातवारे करत होत्या. सिस्टरांनी त्यांच्या बोटाच्या रोखाने मागे पाहिलं.

कंडक्टर बाई पांढरीफटक पडली होती. पंप रिकामा होता!

पुढचं सगळं सिस्टरांच्या हातांनी केलं. नवं औषध भरलं, खाट पायाकडून उचलली, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर धावत आले. हळूहळू बाईचा रक्तदाब वर चढला, तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. जीव वाचला. पण सिस्टरांच्या मनातली भीती कुठेतरी बाहेर पडायलाच हवी होती. तेवढ्यात चिमणी रक्ताची पिशवी घेऊन दारात आली.

"पाच नंबरला एकटं टाकून कुठे गेली होतीस?"

"रक्तपेढीत. सांगून गेले, सिस्टर," चिमणी मास्क खाली ओढून म्हणाली.

"कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच. औषध संपत आलंय, तेवढं बघाल ना, असं मागून विचारलं. तुम्ही मान हलवलीत."

मोजताना आपली मान हलते, हे सिस्टरांना आठवलं. पण ते त्यांनी गिळून टाकलं. "मला कुणी काही सांगितलेलं नाही. आणि पंपही वाजलेला नाही. तूच त्याचा आवाज बंद करून ठेवला असशील."

चिमणीचे डोळे भरून आले. बातमी मेट्रनबाईंपर्यंत जायला वेळ लागला नाही. पंप तपासून आणावा आणि पाळी सुटायच्या आधी दोघींनी येऊन भेटावं, असा त्यांचा निरोप आला. आवाज बंद करून ठेवण्याचा ठपका आला की चिमणीची नोकरी गेली, हे सगळा वॉर्ड जाणून होता.

दुपारी सिस्टर औषध द्यायला हेडबाईंच्या खाटेशी गेल्या. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. कमरेचं हाड मोडून आल्या होत्या आणि दोन्ही कानांमागे ठसठशीत लाल रंगाची श्रवणयंत्रं लावायच्या. त्यांनी गोळी घेतली, मास्क खाली केला आणि सिस्टरांचं मनगट धरलं.

"पंप वाजत होता, सिस्टर. चांगला खणखणीत वाजत होता. मी त्यानेच जागी झाले, आणि माझे कान तर विकत आणलेले आहेत."

"वाजला असता तर मला आलं नसतं ऐकू? मी अगदी जवळ होते."

"तेच म्हणतेय मी."

सिस्टरांनी मनगट सोडवून घेतलं. त्या तरातरा टेबलाकडे गेल्या. मशीनवाला नुकताच तो पंप घेऊन आला होता. "वाजवून दाखवा," सिस्टर म्हणाल्या. त्याने बटण दाबलं. सिस्टर वाट बघत राहिल्या.

"वाजवा ना."

मशीनवाला गोंधळून त्यांच्याकडे बघू लागला. सिस्टरांनी वॉर्डावर नजर फिरवली. सगळ्या बायका टेबलाकडे बघत होत्या. कोपऱ्यातल्या आजीने तर वैतागून कानावर उशी ओढली होती. सिस्टरांनी पंपावर तळहात ठेवला. यंत्र आतून थरथरत होतं.

"बंद करा," त्या कशाबशा म्हणाल्या.

त्या हेडबाईंच्या खाटेशी परत आल्या आणि स्टुलावर बसल्या. "मी बहिरी झाले?"

"काही आवाजांना. दार आपटलं तर ऐकू येतं ना? डॉक्टरांचा जाड आवाज येतो? म्हणूनच तर वाटतं की कान ठीक आहेत. आधी बारीक आवाज जातात. फोनची रिंग जाते, पंप जातो, चिमणीसारख्या मुली जातात. इतके हळूहळू जातात की गेलेले कळत नाहीत. मग वाटायला लागतं, सगळं जगच पुटपुटतंय."

"पण कानात यंत्र घालून वॉर्डात फिरू? बहिरी सिस्टर ठेवेल कोण मला?"

"माझ्या कमरेत धातूचा सांधा बसवलाय. परवा मी वॉकरला हात लावायला तयार नव्हते, तेव्हा कोण मला म्हणालं, 'चालायचं असेल तर लाज सोडा आणि धरा'? मी धरला की नाही?" हेडबाईंनी खाटेशी ठेवलेल्या वॉकरकडे बोट दाखवलं. "तुमची लाज तुमच्यापाशी. पण तिच्यासाठी त्या पोरीने घरी का बसावं?"

सिस्टर उठल्या, उगाच एक फेरी मारली, मग आणखी एक. सलाइनच्या बाटल्या पुन्हा पुन्हा बघितल्या. एकदा मनात आलं, नुसतं गप्प राहिलं तरी पुरे, बाकीचं आपोआप होईल. त्या विचाराचीच त्यांना शिसारी आली.

मेट्रनबाईंच्या खोलीत चिमणी आधीच खाली मान घालून उभी होती. सिस्टरांनी दार लावून घेतलं आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, "हिची काही चूक नाही. हिने सांगितलं होतं आणि पंपही वाजला होता. मला ऐकू आलं नाही. बरेच दिवस झाले, मला येतच नाही."

मेट्रनबाईंनी सिस्टरांना बसायची खूण केली. मग म्हणाल्या, "ऐकू येत नाही म्हणून मी तुम्हाला काढणार नाही. लपवत राहिला असतात, तर मात्र काढावंच लागलं असतं. कान तपासून घ्या. तोवर पंप लावलेल्या खाटा तुमच्याकडे नाहीत."

कान तपासणाऱ्या बाईंनी आधी दिवा लावून आत पाहिलं आणि विचारलं, "कानात काय घालता?" केसांचा आकडा, असं सिस्टरांनी ओशाळून सांगितलं. इतक्या अनुभवी नर्सने असं उत्तर द्यावं! "आकडा केसांत ठेवा. मळ कान स्वतःच बाहेर टाकतो. आकड्याने तो आत ढकलला जातो, पडदाही फाटायचा एखादवेळी." बाईंनी मळ काढला, मग बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजांना सिस्टरांनी झटझट बटण दाबलं. पुढे नुसती शांतता. पलीकडे काचेतून आवाज सोडणारं बाईंचं बोट मात्र हलताना दिसत होतं.

यंत्रं मिळाली तेव्हा पहिल्या दिवशी सिस्टरांना ती फेकून द्यावीशी वाटली. वर्तमानपत्र उलटलं तरी कर्कश, स्वतःची चप्पल कर्कश. त्या तक्रार घेऊन गेल्या. बाई म्हणाल्या, "मेंदूला ह्या आवाजांचा विसर पडलाय. रोज थोडा थोडा वेळ घाला, सवय होईल, मी यंत्राचा आवाजही जुळवून देते. ड्रॉवरमध्ये टाकलीत तर सवय कधीच व्हायची नाही. आणि हे नवे कान नव्हेत, मदत आहे. गोंगाटात समोरच्याचं तोंड बघावंच लागेल."

काही आठवड्यांनी पाळी बदलताना सिस्टरांनी सगळ्या मुलींना एकत्र बोलावलं आणि केस मागे सारून यंत्रं दाखवली. "मला कमी ऐकू येतं. मला मागून हाक मारू नका, समोर या. आणि मी नुसती मान हलवली तर मला कळलं असं समजू नका, मला विचारा की काय ऐकलं."

मुली पांगल्या. चिमणी मागे राहिली. पंप रिकामा झाला त्या दिवसापासून ती सिस्टरांशी कामापुरतंच बोलत होती.

"एक विचारू, सिस्टर? हे तुम्ही आधी सांगितलं असतं, तर त्या दिवशी मी टेबलाला वळसा घालून तुमच्या समोर आले असते. एवढंच करायला लागलं असतं ना?"

सिस्टरांना तिचा प्रत्येक शब्द ऐकू आला. "एवढंच," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं."

वाचकहो, आज घरी गेल्यावर एक विचारून बघा. माझ्याशी बोलताना तुम्हाला तेच तेच परत सांगावं लागतं का? उत्तर हो आलं तर रागावू नका, कान तपासून घ्या. यंत्र लागलं तर चारचौघांत घाला. आणि घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्याच्यावर ओरडण्यापेक्षा त्याच्या समोर जाऊन बसा. ऐकू कमी येणं हा कुणाचा गुन्हा नाही. पण ते लपवलं, की त्याची झळ आधी शेजारच्या माणसाला लागते, आणि त्या बिचाऱ्याला ती कशामुळे लागली हेही कळत नाही.