मांडवावरचे दोन वेल

साळूबाईने सोळावी भाजी चुलीवरून उतरवली, सालांची पाटी घेऊन ती परसात आली, आणि मांडवाकडे नजर जाताच तिच्या मनात पाल चुकचुकली.

गौरी जेवायचा दिवस. भोंगवलीत घरोघरी पुरणाचा वास सुटलेला. साळूबाईची सासू ठकुबाई हिच्या घरची रीत मोठी कडक होती. परसात पिकलेल्या सोळा भाज्या गौरीपुढे मांडायच्या, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत घरातल्या कुणी जिभेला काही लावायचे नाही. भाजीला मीठसुद्धा हाताच्या अंदाजाने. पंधरा भाज्या साळूबाईने पहाटेपासून चिमूट चिमूट करून ठेवल्या होत्या. दुधी मात्र पातेलेभर केला होता, कारण तसे सासूचेच सांगणे होते.

"फुलाला दुधीचं डोहाळं लागल्यात," ठकुबाई आदल्या दिवशी म्हणाली होती. "चण्याची डाळ घालून बक्कळ कर."

फुलाबाई ही ठकुबाईची लेक, साळूबाईची नणंद. गौरीसाठी शिवऱ्याहून बैलगाडीने आली होती. दोनदा तिला दिवस राहिले आणि दोनदा सगळे वाया गेले. आता सातवा महिना लागला होता. गाडीतून उतरताना ठकुबाईने तिला असे धरले होते, जणू काठोकाठ भरलेली घागरच उतरवून घ्यायची होती.

आणि साळूबाई मांडवाखाली उभी होती, हातात दुधीच्या सालांची पाटी घेऊन.

मांडवावर वेल दोन होते. एक खाण्याच्या दुधीचा. दुसरा कुंडलिकने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मुद्दाम लावलेला कडू भोपळ्याचा. त्यांचे थोडे रान नदीपलीकडे होते. पाणी असले की तो वाळका भोपळा पाठीला बांधून पोहत जाई. कडू भोपळ्याची कवटी जाड, ती वर्षानुवर्षे टिकते, म्हणून त्याने कडूच लावला. ज्येष्ठात दोन्ही वेल आपापल्या खांबावर होते. भाद्रपदापर्यंत त्यांनी मांडव असा झाकला, की ऊनसुद्धा खाली यायला वाट शोधत होते. आणि आज झुंजुमुंजूला साळूबाईने जो दुधी काढला, त्याचा ओला देठ नदीकडच्या खांबावर दिसत होता. तो खांब कडू वेलाचा.

एरवी ती देठाकडची चकती जिभेला लावल्याशिवाय दुधी चिरतच नसे. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या माहेरी तिने लहानपणी पाहिले होते. मळणीच्या जेवणात कडू दुधी शिजला आणि तो खाऊन तिच्या चुलत्याला रक्ताच्या उलट्या झाल्या. पाच दिवस तो जगतो की जातो असे चालले होते. तो धडधाकट गडी होता. फुलाबाईचे काय होईल?

तेवढ्यात कुंडलिक बैलांना पाणी पाजून परत आला.

"अवो, नदीकडच्या खांबावरचा भोपळा कडू का गोडा?"

"कडू येलाचा आसंल तर कडू," तो म्हणाला. "लांबुडका आसंल तर गोडा."

"धड लांबुडका बी नव्हता, न् धड गोल बी नव्हता."

"मग बसा आता. येकदा मांडवावर चढलं की कोन कुनाचं सांगावं? सासू-सुनांवानी गुतल्यात."

"चेष्टा सुचतीया तुमास्नी! वन्संच्या पोटात जायचाय त्यो. ही चकती वाईच चाखून बघा की."

कुंडलिकने दोन पावले मागे घेतली. "आज? निवदाच्या आधी? आई खराट्यानं हानंल मला. तिलाच इचार जा." आणि तो गोठ्यात शिरला.

सासूला विचारायचे तर कुठल्या तोंडाने? साळूबाई पंधरवड्यापूर्वी हिवतापाने अंथरुणाला खिळली होती. भोरच्या दवाखान्यातल्या कोयनेलच्या कडूजहर गोळ्या घेऊन उठली, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. परवा जेवताना ती सहज म्हणून गेली होती की आमटी कडवट लागते. ठकुबाईने सगळ्यांपुढे हात जोडले. "घ्या! उद्या म्हनंल साखर बी कडू. बाई, आमटी न्हाई, तुजं तोंड कडू हाय." फुलाबाईलासुद्धा हसू आवरले नव्हते. आता दुधी कडू वाटतो म्हणून सांगावे, तर आज पुन्हा तोच तमाशा.

तिने आजूबाजूला पाहिले. पाटीतली देठाकडची चकती उचलली, मनातल्या मनात गौरीची क्षमा मागितली आणि चावली.

कडू! जीभ आत ओढली गेली. तिने घास थुंकला, उरलेली चकती पाटीत टाकली आणि रांजणातल्या पाण्याने चूळ भरली. पाणीही कडू लागले. पुन्हा एक चूळ भरली, तीही कडूच.

म्हणजे उपास मोडला, आणि कळले काहीच नाही.

आतून ठकुबाईची हाक आली. "साळे, ताट वाढायला घे गं! ऊन डोक्यावर आलं."

मग साळूबाईने फार विचार केला नाही. विचार करत बसली असती तर तिच्या हातून काही झालेच नसते. तिने पातेले पदराखाली घेतले, केळीच्या बुंध्याशी खुरप्याने खड्डा केला, भाजी त्यात ओतली आणि कोंबड्यांनी उकरू नये म्हणून वर माती लोटून दगड ठेवला. चवळीचा कोवळा पाला ओरबाडून आणला, लसणाची फोडणी देऊन परतला, आणि सोळावी भाजी म्हणून ताटात मांडला.

ठकुबाई बोट ठेवून मोजू लागली. गवार, पडवळ, शेपू, आळू... पंधरापर्यंत बोट नीट चालले. सोळाव्या ठिकाणी थबकले.

"ह्यो कसला पाला?"

"चवळीचा."

"न् ह्या शेंगा कशाच्या?"

"चवळीच्याच."

"म्हंजी पंधराच झाल्या की. दुधी कुठाय?"

भिंतीला टेकून बसलेली फुलाबाईही बघू लागली. "म्या पुरला," साळूबाई म्हणाली. "केळीच्या बुडाशी. नदीकडच्या खांबावरचा हुता. कडू आसंल, म्हनून भ्या वाटलं. वन्सं खानार हुत्या..."

ठकुबाईचा चेहरा तांबडा झाला, पण गौरीपुढे तिने शब्द काढला नाही. नैवेद्य दाखवला. आरती झाली. त्या आरतीएवढी लांब आरती साळूबाईने जन्मात ऐकली नव्हती. घंटा थांबली तशी ठकुबाई तरातरा परसात गेली, पाटीतून उरलेली चकती घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत तिने ती चावून खाल्ली.

"गोड हाय," ती म्हणाली. "ऐकलंस? गोड! गौरीच्या दिशी पातेलंभर अन्न मातीत घातलंस. कोयनेल खाल्लं तू, न् शिक्षा माज्या लेकीला."

साळूबाईला रडू फुटले. दुधी गोड होता याचा तिला आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. दोन्ही एकदमच आली.

"जाऊ दे गं आये," फुलाबाई म्हणाली. "पाला काय वंगाळ लागतोय का?"

"का म्हनून जाऊ दे? कुंडलिक, दुसरा काढून आन. आत्ता परतून देते."

कुंडलिक लगेच गेला आणि हातभर लांबीचा दुधी घेऊन आला. "ह्यो बग, लांबुडका. गोडाच. म्या लावल्यात, मला वळख न्हाई व्हय?"

ठकुबाईने देठाकडची चकती कापली आणि जन्माच्या सवयीने जिभेला लावली. तिचे डोळे गच्च मिटले. ती उठून दारात गेली, थुंकली, चूळ भरली, पुन्हा थुंकली.

कुंडलिक हसायला लागला. "का गं आये, तू बी कोयनेल..."

ठकुबाई पदराने तोंड पुसत म्हणाली, "दोन्ही येल उपट."

"आगं, त्यातला येक गोडा हाय की."

"कंचा?"

कुंडलिकने मांडवाकडे पाहिले. खालून वरपर्यंत पाहिले, मग वरून खाली. मग आढ्यातला कोयता काढून तो बाहेर गेला.

ठकुबाईने पाने मांडली. साळूबाईचे पान तिने फुलाबाईशेजारीच मांडले. एरवी सुनेचे पान सगळे उठल्यावर पडे. फुलाबाईने पुरणपोळी बाजूला सारून आधी चवळीच्या पाल्याचा घास घेतला. बाहेर वेल तुटत होते आणि भोपळे एकेक करून जमिनीवर आदळत होते.

"वैनी," फुलाबाई घास चावता चावता म्हणाली, "माज्या तोंडाकडं काय बगतीस? जेव की."

"जेवते," साळूबाई म्हणाली. पण फुलाबाईने तो घास गिळला, दुसरा घेतला, तोही गिळला, तरी साळूबाईने स्वतःच्या पानाला हात लावला नव्हता.